गावचे चित्रदालन : इमारत आधी की तारीख आधी?

‘चित्राने पोट भरतं का?’ हा प्रश्न आपल्याकडे कुणीही विचारतो. पारावर विचारतो, ग्रामसभेतही विचारतो. आणि विचारणाऱ्याचे चुकते असेही नाही. बालाघाटाच्या या पट्ट्यात पाऊस वेळेवर पडला तर पेरणी, नाही तर दुबार पेरणी. सोयाबीनला भाव लागला तर देणे फिटते, नाही तर थकबाकी. अशा मुलखात घाटनांदूरसारख्या गावी एखादे छोटे कलादालन असावे, तिथे वर्षातून चार-सहा वेळा प्रदर्शन भरावे, पोराबाळांची चित्रे लागावीत, असे कुणी म्हटले तर पहिला सवाल हाच येणार. आधी पाणी, मग रस्ता, मग दवाखाना. चित्राचं नंतर बघू.

पण हाच प्रश्न विचारणारा माणूस पोळ्याला काय करतो ते बघा. बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावतो, बेगड चिकटवतो, झूल शोधून काढतो, गोंडे आणि घुंगरमाळ उसनवारी करून का होईना आणतो. येळअमावस्येला कडब्याची कोप उभी करतो आणि पाच पांडवांना चुन्याने रंगवतो. घरातली बाई सणासुदीला दारात रांगोळी काढल्याशिवाय चूल पेटवत नाही. म्हणजे चित्र आपल्याला नको आहे असे नाही. ते आपण रोज काढतो, फक्त त्याला चित्र म्हणत नाही. तेव्हा खरा प्रश्न वेगळा आहे. आपले जे आहे ते जपायला आणि चारचौघांनी मिळून बघायला गावात जागा असावी का, आणि असावी तर ती चालवायची कुणी?

या प्रश्नावर आपल्याकडे एक ठराविक रस्ता आहे. आधी निधी मागायचा, मग इमारत बांधायची, मग कुणाच्या तरी हस्ते फीत कापायची. नव्याचे नऊ दिवस संपले की इमारतीला कुलूप, आणि पुढे त्यात सिमेंटच्या गोण्या नाही तर मतदान केंद्र. राज्यातली दोन-तीन खरी उदाहरणे तपासली तर दिसते की हा रस्ता उलटा आहे.

जे गेले ते कुठे गेले

आधी थोडे आपल्या नुकसानीबद्दल. विहिरीवरची मोट गेली, तिच्याबरोबर नाडा गेला, सोंदूर गेला. लाकडी तिफण ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रापुढे टिकली नाही. पायली, अधोली, शेर ही मापे गेली. तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळे आणि लामणदिवे मोडीत निघाले, आणि त्या पैशातून स्टीलची भांडी आली. वाड्याचे कोरीव दार पडल्यावर त्याचे लाकूड एक तर चुलीत जाते किंवा शहरातल्या जुन्या सामानाच्या दुकानात. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. अडचणीच्या वर्षी घरातली मोड विकली जाते, हे कुणाला सांगायला नको.

पण त्या वस्तूला गावातच ठेवण्याची जागा असती, तर निदान काही तरी राहिले असते. मराठवाड्याचेच उदाहरण घ्या. चित्रे दाखवत गावोगाव कथा सांगणारे चित्रकथी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फिरत. त्यांच्या चित्रांची एक शैली ‘पैठण शैली’ म्हणून देशभर ओळखली जाते. आज ती चित्रे बघायची तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे लागते. केळकरांचे उपकारच म्हणायचे. त्यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. त्यांनी त्या घेतल्या नसत्या तर कदाचित उरल्याच नसत्या. पण नाव पैठणचे आणि पत्ता पुण्याचा, हे आपल्याला टोचायला हवे.

याउलट आपल्या तालुक्याच्या गावी, अंबाजोगाईला, दासोपंतांची पासोडी अजून आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. कागदाऐवजी लांबलचक कापडावर त्यांनी ग्रंथ लिहिला, आकृत्या काढल्या. चारशे वर्षे एक कापड टिकले. ते का टिकले? कारण ते जपणे हे आपले काम आहे असे तिथे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. वस्तू इमारतीमुळे टिकत नाही, जबाबदारी घेणाऱ्या माणसामुळे टिकते, ही यातली पहिली गोष्ट.

औंध : रावाने केलेले दालन

लहान गावातले मोठे चित्रसंग्रहालय म्हटले की सातारा जिल्ह्यातले औंध आठवते. खटाव तालुका, म्हणजे आपल्यासारखाच दुष्काळी. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्काराचे प्रचारक तर होतेच. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय उभे केले. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या दगडी मायलेकरापर्यंत बरेच काही तिथे आहे. लंडनमध्ये ज्याची शिल्पे बघायला लोक जातात, त्याचे शिल्प खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर आहे, हे ऐकून पुष्कळांना खरे वाटत नाही.

याच राजाने १९३९ मध्ये संस्थानचा कारभार लोकांच्या हाती दिला आणि गावपंचायतींना अधिकार दिले. गांधीजींच्या सल्ल्याने झालेला तो प्रयोग सरपंच मंडळींनी मुद्दाम वाचण्यासारखा आहे. म्हणजे चित्रे जमवणे हा त्या राजाचा रिकामटेकडा शौक नव्हता. गावाने आपला कारभार आपण करावा आणि गावाला चांगले बघायलाही मिळावे, या दोन्ही गोष्टी त्याच्या लेखी एकाच कामाच्या होत्या.

औंधात आणखी एक गोष्ट आहे. १९४० पासून तिथे संगीत महोत्सव भरतो. अंतूबुवा जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला आणि पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला. संस्थान विलीन झाले, राजा गेला, संग्रहालय शासनाकडे आले. पण महोत्सवाची तिथी ठरलेली असल्याने गाणारे आणि ऐकणारे औंधाला येत राहिले. राजाचे दालन बांधायला राजाचा खजिना लागला. तिथी पाळायला खजिना लागत नाही.

तेर : एका माणसाचा छंद

औंधाला राजा होता, आपल्याला नाही. मग धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला चला. तेर म्हणजे जुने तगर, रोमशी व्यापार करणारे शहर, आणि संत गोरोबाकाकांचे गाव. तिथल्या पांढरीत जुने मणी, नाणी, मातीच्या मूर्ती सापडतात. पोरांनी खेळायला न्यावे आणि मोठ्यांनी दुर्लक्ष करावे, अशाच या वस्तू. पण रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गावच्याच माणसाने त्या जमवायला सुरुवात केली. त्यांच्या संग्रहातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले आणि त्याला नावही त्यांचेच आहे.

तेरच्या एका हस्तिदंती बाहुलीचे साम्य इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी आहे, म्हणून जगभरचे अभ्यासक तेरचे नाव घेतात. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही याच संग्रहालयात सांभाळलेली आहे. लाकडाची चौकट! आपल्याकडे अशा किती चौकटींचे सरपण झाले असेल?

तेरला राजा नव्हता, अनुदान नव्हते, ठराव नव्हता. एक माणूस होता, आणि ‘हे टाकू नका, माझ्याकडे आणा’ म्हणण्याची त्याला लाज वाटली नाही. इमारत नंतर आली. वस्तू आधी जमल्या, आणि त्याच्याही आधी माणूस होता.

पिंगुळी : गोठ्यातले संग्रहालय

तिसरे उदाहरण शेतकऱ्याला सर्वांत जवळचे वाटेल. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथले ठाकर समाजाचे लोक चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला सांभाळून आहेत. एकेका कथेच्या चित्रांची एक पोथी असते. एक-एक चित्र पुढे धरून वाद्यांच्या साथीने कथा सांगायची, अशी ती रीत. सिनेमा आला, टीव्ही आला, तसे बघणारे आटले.

अशा वेळी परशुराम गंगावणे यांनी आपल्या जनावरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटले. जिथे गुरे बांधायची तिथे चित्रे, बाहुल्या आणि वाद्ये मांडली. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे त्याचे नाव. नुसती मांडून ठेवली नाहीत, तर येणाऱ्याला खेळ करून दाखवला आणि घरच्या पोरांना शिकवले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यातून दिल्लीपर्यंत रस्ता गेला, तो असा.

इथे कळीचा मुद्दा आहे. पिंगुळीत वस्तू काचेच्या आड बसलेल्या नाहीत. बाहुली नाचते, चित्र बोलते, म्हणून माणूस येतो, आणि एकदा आलेला दुसऱ्याला घेऊन येतो. गावचे दालन जगते ते कार्यक्रमावर. भिंतीवर तीच दहा चित्रे वर्षभर लटकत राहिली तर गावातला माणूस दुसऱ्यांदा येणार नाही. त्याने यावे तरी का?

शेतकरी येतो का? येतो

‘पण आपले लोक येतील का?’ असे विचारणाऱ्यांनी अंबाजोगाईकडे बघावे. तिथे दरवर्षी नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह भरतो. त्यात शेतीवर परिषद असते, गाणे असते, कविता असते आणि चित्रांचे प्रदर्शनही असते. शेतीची चर्चा ऐकायला आलेला माणूस जाता जाता चित्रांपुढे थांबतो. त्याला कुणी ‘कलारसिक’ म्हणून बोलावलेले नसते. तारीख ठरलेली असते, शेजारी-पाजारी निघालेले असतात, म्हणून तोही निघतो. कलेला शेतीच्या शेजारी बसवले की शेतकऱ्याला परके वाटत नाही. गावच्या दालनाला उचलण्याजोगा धडा हाच आहे.

मात्र तारीख धरताना आपल्या गावांची एक अडचण विसरून चालणार नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. निम्मी घरे कुलपात असताना प्रदर्शन भरवायचे आणि मग लोक येत नाहीत म्हणून कपाळाला हात लावायचा, यात काय हशील? घाटनांदुरात असे काही करायचे तर वर्षाचे वेळापत्रक शेतीवरून आणि स्थलांतरावरून ठरले पाहिजे. एक नमुना असा :

गुढीपाडवा ते मृग या मोकळ्या काळात मुख्य प्रदर्शन. टोळ्या परतलेल्या असतात, लग्नसराईने पाहुणेही गावात असतात. जुनी औते, मापे, भांडी, दागिन्यांचे जुने फोटो, वाकळी हे सारे तेव्हा मांडावे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या साजाचे प्रदर्शन. झूल, मोरखी, गोंडे, घुंगरमाळा. ज्याच्याकडे आता बैल नाही त्याच्याकडेही माळ्यावर साज पडलेला असतो.

१५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जोडून शाळेच्या मुलांची चित्रे. पोराचे चित्र लागले आहे म्हटल्यावर आई-बाप येतात, आणि आल्यासरशी ग्रामसभेची गणसंख्याही भरते. ग्रामसभा तहकूब होण्याचा अनुभव असलेल्या अधिकाऱ्यांनी हा उपाय करून बघायला हरकत नाही.

आणि हिवाळ्यात, निम्मे गाव बाहेर असताना, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडून वस्तूंची माहिती लिहून घेण्याचे काम. ते काम महाविद्यालयाची मुले करू शकतात.

पोरांच्या पदरात काय?

चित्रकला हा शाळेत फावल्या वेळेचा विषय समजला जातो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळेत पट शंभरावर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे लिहिले आहे. लिहिलेले सगळे खेड्यापर्यंत पोहोचते का, हे पालकांना ठाऊक आहे. दुसरीकडे दहावीच्या गुणपत्रिकेत चित्रकलेला किंमत आहे. २०१७ च्या शासन निर्णयानुसार इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ असे वाढीव गुण ठरले. अकरावीच्या प्रवेशाला अर्ध्या टक्क्यासाठी धावणाऱ्या पालकाला सात गुण म्हणजे काय हे सांगायला नको. शहरातली मुले क्लास लावून हे गुण घेतात. आपल्या मुलांना रंगाची पेटी पहिल्यांदा दिसते ती परीक्षेच्या तोंडावर. गावच्या दालनात दर रविवारी दोन तास एखाद्या जाणकाराने मुलांना बसवले, तरी हे अंतर थोडे कमी होईल. चित्राने पोट भरत नसेल, पण पोराच्या प्रवेशाला हातभार लागतो.

दालन कुणाचे?

आता एक अवघड गोष्ट. गावात वस्तू जमवायच्या म्हटले की आधी वाड्यातली तलवार येते, पाटलाची पगडी येते, देशपांड्यांच्या घरचा कागद येतो. त्यांनाही जागा आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर ते वाड्याचे दालन होईल, गावाचे होणार नाही. कुंभाराचे चाक, चांभाराची रापी, वडाराची छन्नी, धनगराचे घोंगडे, तांड्यावरच्या बाईने आरसे आणि कवड्या लावून भरलेली कांचळी, गोंधळ्याचे संबळ, आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, हे सारे त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर लागले पाहिजे. वस्तूखाली ती बनवणाऱ्या हाताचे नाव लिहिले पाहिजे, नुसत्या देणाऱ्याचे नव्हे. आणि पुढाऱ्याचा फोटो आत नको. फोटो लागला की दुसऱ्या पार्टीचा माणूस उंबरा ओलांडत नाही, हा आपल्या गावांचा अनुभव आहे.

नोंद, वाळवी आणि कायदा

काम सुरू करायला मोठा खर्च नाही, पण शिस्त लागते. पहिल्या दिवशी एक नोंदवही घालावी. अनुक्रमांक, वस्तूचे नाव, मोजमाप, कुणी दिली, कायमची दिली की उसनी दिली, तारीख आणि दोन्ही सह्या. मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. उसनी वस्तू परत मागितली तर बिनतक्रार द्यावी. एकदा शब्द मोडला की पुढे कुणी सुतळीचा तोडाही देणार नाही.

चित्रावर थेट ऊन पडू देऊ नये, रंग उडतो. पावसाळ्यात ओलावणाऱ्या भिंतीला फ्रेम चिकटवू नये, मागे बोटभर जागा सोडावी. लाकडाला वाळवी आणि कापडाला कसर लागते, तेव्हा महिन्यातून एकदा सगळे हलवून झाडून बघावे.

कायद्याची बाजूही ठाऊक हवी. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती, शिल्पे, नाणी यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या परदेशी नेता येत नाहीत. नांगरताना किंवा घराचा पाया खणताना जुना ठेवा निघाला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आपल्या भोवती धर्मापुरीचे केदारेश्वर, पानगावचे विठ्ठल मंदिर अशी कोरीव मंदिरे आहेत. गावोगाव वीरगळ उघड्यावर पडलेले आहेत. ते उचलून दालनात आणायचे नाहीत. ते जिथे आहेत तिथेच त्यांचा फोटो आणि माहिती घ्यायची, आणि भक्तीच्या भरात कुणी त्यांना तेलरंग फासत असेल तर हात जोडून थांबवायचे.

पैसा कुठून?

राज्याचे पहिले सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये आले आणि २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने नवे मंजूर केले. धोरण मुंबईत होते, त्याची अंमलबजावणी आपल्या उंबऱ्यापर्यंत यायला मागणी लागते. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यातल्या ग्रामसूचीत शिक्षण, वाचनालये यांबरोबर सांस्कृतिक कामेही येतात. तेव्हा ग्रामपंचायतीने एक खोली दिली, वीजबिल भरले आणि विकास आराखड्यात एक ओळ घातली, तर ते बेकायदा नाही. पूर्वीचे ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, त्यांनी एवढे जरूर तपासून बघावे. पण आमचे म्हणणे असे की पहिली दोन वर्षे इमारतीसाठी अर्जच करू नये. शाळेची सुट्टीतली खोली, वाचनालयाचा कोपरा, नाही तर पिंगुळीसारखा कुणाचा तरी रिकामा गोठा, एवढ्यावर चार तारखा पाळून दाखवाव्यात. दोन वर्षे, आठ कार्यक्रम, भरलेली नोंदवही आणि येणाऱ्यांच्या सह्या हातात घेऊन जिल्हा परिषदेत गेलात तर तुमच्या शब्दाला वजन येईल. रिकाम्या हाताने गेलात तर इमारत मिळेलही, पण ती ठेकेदाराची असेल.

आपल्याकडे म्हण आहे, गाव करील ते राव काय करील. औंधात रावाने केले, कारण तो राव तसा होता. आपल्या वाट्याला तसा राव नाही, आणि त्याची वाट बघण्यात पन्नास वर्षे गेली. तेवढ्या काळात मोट गेली, चौकट गेली, पैठणची चित्रे गेली. घरात माळ्यावर अजून जे आहे, ते येत्या पाच-दहा वर्षांत भंगारवाल्याच्या तराजूत जाईल की गावाच्या भिंतीवर राहील, हे ठरायचे आहे. पुढच्या ग्रामसभेत कुणी तरी उठून निधी नव्हे, एक तारीख मागावी आणि त्या तारखेला आपल्या घरातली एक वस्तू घेऊन यावे. सुरुवातीला एवढे पुरे आहे.